यादीतली बारा गावं खोडा

पुण्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं. दोघंही नोकरी करतो. दिवाळी आटपली की तीन आठवडे रजा काढून, पाठीवर सॅक टाकून दक्षिण भारत फिरायचा असं नवऱ्याच्या मनात आहे. जायचं मलाही आहे. पण त्याने एक्सेलची शीट केलीये, तिच्यात २० रात्री आणि १६ गावं आहेत. हंपी, बदामी, म्हैसूर, कूर्ग, वायनाड, उटी, कोडाईकॅनाल, पाँडिचेरी, महाबलीपुरम, तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, मुन्नार, अलेप्पी, कोची. मी काही बोलले की 'मग तूच सांग कुठलं काढू' म्हणतो, आणि मी गप्प बसते. मागच्या वर्षी गोकर्णला बस चुकली तिथून सुरू झालं आणि चार दिवसांतले दोन दिवस आम्ही अबोला धरून काढले. त्याला डॉर्ममध्ये राहून दिवसाला दोघांत दीड हजारात भागवायचंय, मला निदान स्वच्छ बाथरूम हवं. मी आडनाव बदललेलं नाही, लॉजवर त्रास होईल का? सासूबाई म्हणतात, देवळं आहेत, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन जा. जावं की नको हेच आता कळेनासं झालंय."

ताई म्हणालीस, तर एकेरीतच लिहिते. जा. नक्की जा. फक्त ही शीट घेऊन जाऊ नका, आणि नोव्हेंबरात तर मुळीच नको.

आधी महिन्याचं बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. दसरा झाला की पाऊस गेला असं आपण महाराष्ट्रातली माणसं धरून चालतो. तमिळनाडूत तेव्हा पावसाला तोंड फुटलेलं असतं. त्यांचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळं उठतात आणि निलगिरीत, म्हणजे उटी-कुन्नूरच्या डोंगरात, दरडी कोसळून तिथली छोटी रेल्वे दिवस दिवस बंद पडते. त्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा. केरळकडे जाणाऱ्या गाड्या अय्यप्पाच्या भक्तांनी भरून वाहतात. ती संपते न संपते तोच पोंगल, म्हणजे अख्खा तमिळनाडू आपापल्या गावी निघालेला. तेव्हा पोंगल उरकू द्या आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघा. ऊन सोसण्याजोगं असतं, हवा कोरडी, गाड्यांत जागा मिळते. रजेचा अर्ज अजून दिला नसेल तर तारीख बदलून द्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून ज्या त्या गाडीचं आरक्षण उघडेल ती सकाळ दोघांनी त्यासाठी राखून ठेवा.

आता यादी. वीस रात्रींत सोळा गावं म्हणजे जवळजवळ रोज सकाळी सॅक भरायची, स्टँड गाठायचा, पाच-सात तास बसमध्ये काढायचे, नव्या गावात रिक्षावाल्याशी घासाघीस करायची, खोली शोधायची, अंघोळ करेपर्यंत संध्याकाळ. त्यातून एखाद्या दिवशी बस चुकली की पुढची सगळी गावं एकेक दिवसाने घसरतात, आणि ती घसरली की दोष कुणाचा हे शोधणं सुरू होतं. गोकर्णला तुमचं बिनसलं ते बसमुळे, असं तुला वाटतंय. मला वाटतं, भूक लागलेली, ऊन डोक्यावर आणि पुढच्या ठिकाणाची घाई, या तिन्हींची ती गाठ पडली होती. तुझ्या नवऱ्याची शीट हीच गाठ रोज मारणार आहे. दोघंही चांगली माणसं असून भांडतील अशी ती शीट आहे.

म्हणून पाच मुक्काम. हंपी चार रात्री, कुन्नूर दोन, तंजावर चार, मदुराई दोन, अलेप्पी तीन. कुन्नूरहून खाली उतरताना कोइमतूरला एक रात्र आणि चार रात्री रेल्वेत. झाल्या वीस.

मुंबईहून पुणे, सोलापूर, विजापूरमार्गे होसपेटला थेट रात्रीची गाडी आहे, ती तुमच्या दारातूनच जाते. होसपेटहून हंपी बसने अर्ध्या तासाच्या आसपास. हंपीत चार रात्री का, असं तो विचारेल. १३३६ साली विजयनगर वसलं आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर लुटलं गेलं, मधल्या सव्वादोनशे वर्षांत राजधानी जेवढी पसरली तेवढी ती अजून उघड्यावर पडलेली आहे. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ बघून निघायचं असेल तर एक दिवसही पुरे. पण पहाटे मातंग टेकडी, सकाळी सायकली काढून राणीवसा आणि हत्तींचे तबेले, दुपारी विरूपाक्षाच्या गोपुराच्या सावलीत पडून राहणं, दुसऱ्या दिवशी तुंगभद्रा ओलांडून आनेगुंदी, असं करायचं तर चार रात्री लागतात. पलीकडच्या काठावर एक गोष्ट मात्र पाळा: अंधार पडला की तलावाकाठी, कालव्याकाठी बसायचं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये सणापूरजवळ रात्री कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर भयंकर हल्ला झाला होता. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तिथली माणसं स्वतःही रात्री तिकडे फिरकत नाहीत, तुम्हीही फिरकू नका, एवढंच.

होसपेटहून रात्री हंपी एक्सप्रेस पकडली की सकाळी म्हैसूर. तिथून उटीची बस बंदीपूरच्या जंगलातून जाते. तो रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीला बंद असतो, त्यामुळे सकाळीच निघा. उटीत राहू नका, गर्दीच गर्दी आहे. कुन्नूर शांत आहे आणि चहाचे मळे खोलीच्या खिडकीपर्यंत येतात. निलगिरीत शिरायला ई-पास लागतो, स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर तो आधी काढा. बसने जाणाऱ्याला त्याचा ताप नाही.

आणि कुन्नूरहून खाली येताना ती छोटी गाडी, तिला पर्याय नाही. मेट्टुपाळयम ते उटी ४६ किलोमीटर, १६ बोगदे, आणि कल्लार ते कुन्नूर या चढावर रुळांच्या मधोमध दाते असलेली पट्टी, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकतं आणि गाडी चढते. भारतात अशी दुसरी गाडी नाही. उतरताना इंजिन पुढे, खालच्या अंगाला राहतं आणि प्रत्येक डब्याच्या टोकाला एक माणूस ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून बसलेला असतो. तुमच्या डब्याच्या अगदी पुढच्या बाकावर जागा मिळाली तर त्याचे हात दिसतात: वळण आलं की आवळतात, सरळ मार्ग लागला की सैल होतात, तासन् तास. तुझ्या नवऱ्याला नकाशे आणि वेळापत्रकं आवडतात ना, मग त्याला ही गाडी फार आवडेल. तिकिटं झपाट्याने संपतात, म्हणून सगळ्यात आधी हीच काढा आणि बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवा.

कोइमतूरहून सकाळच्या जनशताब्दीने तंजावर. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुझ्या पत्रात तंजावर एका रात्रीचं होतं आणि ते मला सहन होईना.

राजराजा चोळाने बृहदीश्वराचं देऊळ १०१० च्या सुमारास पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे ६६ मीटर उंच, सगळं ग्रॅनाइटमध्ये, आणि आसपास ग्रॅनाइटची खाण नाही. दुपारी १२ ते ४ तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं बंद असतात, हेही बंद असतं. उघडी असती तरी त्या वेळी अनवाणी फरशीवर पाय ठेववत नाही. तेव्हा साडेचार-पाचला जा. ऊन कलतं तसा दगड पिवळसरावरून तांबूस होत जातो, गावातली कुटुंबं येऊन हिरवळीवर बसतात, पोरं पळत असतात, आजोबा भिंतीला टेकून डुलक्या घेतात. कुणाला कसलीही घाई नसते. आता त्या आवारात भिंतीवरचा मराठी लेख शोधा. दगडावर मराठी! व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, १६७० च्या दशकात इथे आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य इथे होतं. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली आपल्या वंशाचा इतिहास या देवळाच्या भिंतीवर कोरवून घेतला. हजार वर्षांच्या चोळांच्या देवळात आपल्या भाषेतली ओळ बोटाने लावत वाचायची, अडखळायचं, दुसऱ्याने पुढचा शब्द सांगायचा. दोघांनी मिळून करावं असं याहून चांगलं काम मला तरी त्या गावात माहीत नाही.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं प्रदर्शन आणि चोळांच्या कांस्यमूर्तींचं दालन आहे. एक दिवस पॅसेंजर गाडीने कुंभकोणमला जा, तिथून दारासुरमचं ऐरावतेश्वर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. देऊळ लहान, गर्दी नाही, आणि पितळी पेल्यात उंचावरून फेसाळत ओतलेली फिल्टर कॉफी कुंभकोणमचीच प्यायची.

मदुराई दोन रात्री पुरते. मीनाक्षी मंदिरात मोबाइल आत नेता येत नाही, बाहेर ठेवावा लागतो. अर्धी चड्डी चालत नाही, त्याने तिथल्याच दुकानातून एक पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, घ्यावी, पुढे केरळच्या देवळांतही कामाला येते. तिथे काही ठिकाणी पुरुषांना सदरा काढूनच आत सोडतात. पण मदुराईत रात्री नवाच्या सुमाराला देवळात असा. सुंदरेश्वराला, म्हणजे मीनाक्षीच्या नवऱ्याला, शंकराला, पालखीत घालून वाजतगाजत मीनाक्षीच्या शेजघरात नेतात, रोज रात्री. ती जागची हलत नाही, तो तिच्याकडे जातो. हे तुझ्या नवऱ्याच्या शेजारी उभं राहून बघ.

तिथून पुनलूरच्या घाटातून रात्रीची गाडी सकाळी कोल्लमला सोडते, पुढे अलेप्पी. वेळापत्रकात 'आलप्पुळा' असं शोध. हाउसबोटीवर हजारो रुपये घालू नका. अलेप्पी ते कोट्टायम राज्य जलवाहतूक विभागाची साधी बोट जाते, अडीच-तीन तास, तिकीट चहा-भज्यांच्या भावात. शाळेतली पोरं, बाजारातून परतणाऱ्या बायका, काठावरच्या प्रत्येक धक्क्याला थांबत, जलपर्णी बाजूला सारत ती जाते. समुद्र हवा असेल तर मारारीचा किनारा जवळच आहे. परतीला नेत्रावती एक्सप्रेस अलेप्पीहूनच सुटते असं नाही, पण थांबते जरूर, आणि कोकण रेल्वेने पनवेलपर्यंत आणून सोडते.

रेल्वेच्या चारही रात्रींना थर्ड एसी घ्या. आणि आरक्षण करताना साइड लोअर आणि साइड अपर मागा, म्हणजे दिवसा एकाच खिडकीशी समोरासमोर बसता येतं, मधे सहा परक्या माणसांचे डबे उघडत नाहीत.

आता तू खरं जे विचारलंस ते. "मग तूच सांग कुठलं काढू" असं तो म्हणतो आणि तू गप्प बसतेस. तुझं गप्प बसणं त्याला होकार वाटतो, यात त्याची लबाडी नाही. एका माणसाने महिनाभर खपून तक्ता करायचा आणि दुसऱ्याने त्यातलं काय वाईट तेवढं सांगायचं, यात दोघंही दमतात. म्हणून मुक्काम वाटून घ्या. हंपी आणि कुन्नूर त्याचे, तंजावर आणि मदुराई तुझे, अलेप्पीला कुणीच काही ठरवायचं नाही. ज्याचा मुक्काम त्याने राहायची जागा शोधायची, गाडीचं बघायचं, उद्या काय ते सांगायचं. दुसऱ्याला दोनच मुभा: बरोबर जायचं, किंवा खोलीवर लोळायचं. मधली, म्हणजे बरोबर जाऊन कुरकुर करायची, ती नाही. तंजावरला जागा चुकली तर तुझी चुकली. हे ओझं तू घेतलंस की त्याच्या शीटकडेही तू वेगळ्या डोळ्यांनी बघशील, आणि तुझा शब्द चालतो हे त्याला तक्रारीतून नाही, कामातून दिसेल.

दुसरं, रोज दोन-तीन तास वेगळे. दुपारी देवळं बंद असतातच. तो कॅमेरा घेऊन जाऊ दे, तू झोप, वाच, बाजारात मदुराईच्या मोगऱ्याचा गजरा घे. चोवीस तास एकमेकांसमोर राहायची सवय तुमच्या नोकऱ्यांनी तुम्हाला लावलेलीच नाही. ती वीस दिवसांत एकदम कुठून येणार? वेगळं गेलेलं माणूस सांगायला काहीतरी घेऊन परत येतं.

तिसरं, भुकेच्या वेळी कसलाच निर्णय नाही. स्टँडवर उतरलात की आधी केळीच्या पानावरचं जेवण किंवा निदान दोन इडल्या, मग खोलीचा शोध.

पैशाचं सांगते. डॉर्मच्या दोन खाटांच्या पैशांत या गावांत बहुतेक वेळा स्वच्छ बाथरूमची दोघांची साधी खोली येते, हे त्याला आकडे काढून दाखव. तो आकड्यांचा माणूस आहे, पटेल. जेवण, बस, बोट या तिन्हींत दक्षिणेत इतकी बचत होते की खोली आणि रात्रीची रेल्वे यांत हात आखडायचं कारण उरत नाही. दिवसाचा हिशेब ठेवू नका, मुक्कामाचा ठेवा. हंपीत वाचले ते कुन्नूरला खर्चता येतात. एकच सामायिक पाकीट, आणि त्याखेरीज दोघांकडे थोडे स्वतःचे, ज्याचा जाब कुणी विचारायचा नाही. सरकारी बसमध्ये बायकांना कर्नाटकात तिकीट नाही असं ऐकलं असशील, ते तिथल्या रहिवासी बायकांपुरतंच आहे.

आडनावाची काळजी सोड. वेगळ्या आडनावाच्या किंवा बिनलग्नाच्या दोन सज्ञान माणसांना खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. दोघांची आधार कार्डं दाखवायची, बस. एखादा जुना लॉजवाला नाक मुरडतो, तिथे वाद न घालता पुढचा लॉज बघायचा. विवाह नोंदणीच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये असू दे, पण विचारल्याशिवाय काढू नकोस. आपण काही गुन्हा केल्यासारखं काउंटरवर सुरुवातीलाच खुलासे देत बसायचं नाही.

गोळ्यांबद्दल मात्र मी अगदी स्पष्ट बोलणार. देवळांसाठी म्हणून, कुणी सांगितलं म्हणून, दुकानातून आणून घेऊ नकोस. अर्धशिशी, रक्तात गाठी होण्याचा इतिहास, आणखी काही असेल तर त्या सोसत नाहीत. तुला स्वतःला हव्या असतील तर तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. नको असतील तर तारखा बघून ते दोन दिवस कुन्नूरला किंवा अलेप्पीला पडतील असं बसव, जिथे खोलीतून हिरवं दिसतं आणि देऊळ हा विषयच नाही. त्या दिवसांत देवळात जायचं की नाही हे तू ठरवायचं. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्या काळजीपोटी बोलल्या असतील. "डॉक्टरांशी बोलते, आई" एवढं म्हण आणि विषय संपव. आणि हे वाक्य तुझ्या नवऱ्याने म्हटलं तर अधिक चांगलं.

सॅक प्रत्येकाची वेगळी, आणि प्रत्येकाला स्वतःची उचलून बसच्या टपाखालच्या फळीवर ठेवता आली पाहिजे एवढीच जड. कपड्यांचे तीन जोड, सुती पंचा, पातळ चादर, जलसंजीवनीची पाकिटं, लोकरीचा एक स्वेटर कुन्नूरसाठी. दोघांत मिळून एकच औषधांची पिशवी. ११२ हा क्रमांक तिन्ही राज्यांत चालतो. घरी रोज रात्री एक निरोप टाकायचा, फोन नाही केला तरी चालेल.

या रविवारी शीट उघडून दोघांनी शेजारी बसा. रामेश्वर, मुन्नार, पाँडिचेरी खोडताना त्याचा जीव वरखाली होईल, त्याला होऊ दे, घाई करू नकोस. त्याने त्यावर महिना घातलाय. खोडलेली गावं वेगळ्या पानावर उतरवून ठेवा, पुढच्या वर्षीची शीट तिथूनच सुरू होईल. मग निलगिरीच्या गाडीची तारीख ठरवा आणि आरक्षण उघडेल त्या सकाळचा गजर दोघांच्याही फोनवर लावा.